जयपालअण्णांचा रुपया पैलवान

जयपालअण्णांच्या गळ्यात जन्मतःच लाऊडस्पीकर बसवलेला होता. कागलपासून मुरगुडापर्यंत कुठंही जत्रेत कुस्त्या असल्या की माईक अण्णांच्या हाती. एरवी शिरोलीत त्यांची छोटी फौंड्री होती. तिथं ओतलेली पंपांची झाकणं अमेरिकेला जात. फौंड्रीतही तोंड तेच. कामगारानं साचा नीट भरला तरी अण्णा ओरडत, "वा रं पठ्ठ्या, काय पट काढलास!"

२००७ साली रुपया चढायला लागला आणि अण्णांना घरबसल्या मैदान मिळालं. रोज सकाळी पेपर उघडून दारातनंच सुरू, "रुपयानं डॉलरला खाली घेतलाय! मानेवर गुडघा ठेवलाय! सोडू नगंस!" समोरचे आकाराम मास्तर हातातला चहा कट्ट्यावर ठेवून टाळ्या वाजवत. डॉलर चाळीसवर उतरला त्या दिवशी तर अण्णांनी अख्ख्या फौंड्रीला जिलबी वाटली.

पुढच्याच आठवड्यात अमेरिकेचे पैसे आले. डॉलर ठरल्याइतकेच, रुपये मात्र भलतेच कमी. अण्णांनी बँकेत फोन लावला.

"सायेब, पैसं वाटंत कुठं गळलं?"

"गळले नाहीत अण्णा. रुपया वधारलाय की!"

अण्णांनी फोन आपटला. तेवढ्यात त्यांचा मेव्हणा अनेकांत इचलकरंजीहून पेढे घेऊन हजर. त्यानं कापड विणायचे परदेशी माग मागवले होते.

"दाजी, माग लई स्वस्तात पडलं बघा! रुपया असाच चढू द्या!"

"पेढा ठेव आन् गप बस."

आतून विजयमालावहिनी आल्या. "अवं, त्येच्यावर का डाफरताय? रोज सकाळी तुमीच वरडताय न्हवं, सोडू नगंस म्हणून? आता बसलाय की तुमच्याच छातीवर!"

दोन दिवस अण्णांनी पेपर उघडला नाही, की भट्टी पेटवली नाही. जुन्या भावानं माल दिला तर भट्टी कायमची बंद पडणार, भाव वाढवला तर गिऱ्हाईक चीनकडं जाणार. राहता राहिला डॉलरचा जयजयकार. तो एकदा बाथरूममध्ये नळ सोडून करून पाहिला, पण जीभच वळेना.

शेवटी त्यांनी अमेरिकेच्या गिऱ्हाइकाला फोन लावला. इंग्रजी मोडकं, पण आवाज मैदानाचा.

"सर! रुपी पैलवान, डॉलर पैलवान! नो विनर! कुस्ती बरोबरीत! हाफ लॉस यू, हाफ लॉस मी!"

 पलीकडचा साहेब खदाखदा हसला. "ओके, हाफ."

अण्णांनी अशी काही आरोळी ठोकली, की भट्टीवरची माणसं आग लागली समजून बादल्या घेऊन धावली.

"पेटवा रं भट्टी!" अण्णा म्हणाले.

संध्याकाळी वहिनींनी विचारलं, "आन् रुपया अजून चढला तर?"

अण्णांनी उरलेला पेढा तोंडात टाकला. "तुझ्या भावाला सांग, म्हणावं तुझ्या रुपया पैलवानाला जरा बसून दम खाऊ दे."