गुरुपुष्याच्या तारखेचा शिक्का

दिल्लीच्या द्वारकेतल्या त्या सोसायटीत प्रभाताईंना कोण ओळखत नाही? सहाव्या मजल्यावरच्या बाल्कनीत जाळी लावून कबुतरांपासून तुळस राखणारी, गणपतीत अथर्वशीर्षाची आवर्तनं न चुकता म्हणणारी, कुणाकडे बाळंतीण असो की आजारपण, डबा घेऊन हजर होणारी बाई. यजमान सूर्यकांतराव मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले. एकतीस वर्षं दिल्लीत काढली, तरी प्रभाताईंचा अर्धा जीव सोलापुरात. तिकडची माणसं काय म्हणतील, हा एक काटा त्यांच्या पायात कायमचा रुतलेला.

तो काटा उगाच नव्हता. अकरा वर्षांपूर्वी थोरल्या सुधन्वाच्या लग्नाच्या पत्रिका त्यांनी मोठ्या पोस्टात नेऊन दिल्या होत्या. मशीनमधून गेलेल्या पाकिटांवर तारखेचे नुसते काळे फराटे उमटले. सोलापूरच्या थोरल्या नणंदेने, विजयालक्ष्मीवन्संनी, आपलं पाकीट आणि प्रभाताईंच्या धाकट्या जावेचं पाकीट शेजारी ठेवून चष्म्यातून पाहिलं आणि फोन केला. "तिला सातला पाठवलीस आणि मला सतराला? मागाहून आठवण झाली वाटतं आमची!" सगळ्या पत्रिका एकाच पिशवीतून, एकाच दिवशी गेल्या होत्या. हे सांगून काय उपयोग? वन्सं लग्नाला आल्या नाहीत. मंगलाष्टकांच्या वेळी पहिल्या रांगेत एक खुर्ची रिकामी राहिली, ती प्रभाताईंच्या डोळ्यांसमोरून कधी हललीच नाही.

म्हणून लेकीच्या, तेजश्रीच्या वेळी त्यांनी ठरवून टाकलं होतं. गुरुपुष्यामृताचा दिवस, चोवीस ऑक्टोबर. सगळ्या पत्रिकांवर तीच तारीख, आणि तीही हाताने मारलेली, आंधळ्यालाही वाचता येईल अशी.

"अगं, फोनवर पाठवतात आता सगळे," सूर्यकांतराव म्हणाले. "नाहीतर कुरिअर कर."

"कुरिअरला तिकीट नाही, शिक्का नाही, ती काय पत्रिका? तुम्ही निवृत्त झालात ना, मग स्वस्थ बसा."

एकशे चाळीस पाकिटं. प्रत्येकाच्या चारी कोपऱ्यांना हळदकुंकवाचं बोट, आत चिमूटभर अक्षता. पहिली पत्रिका देवापुढे सुपारीखाली ठेवली, नमस्कार केला आणि बाकीच्या पत्रिका दोन कापडी पिशव्यांत भरल्या.

तेजश्री आपणहून बरोबर आली. गुरुग्रामच्या ऑफिसातून तिने हाफ डे घेतला होता. प्रभाताईंना बरं वाटलं. इतके दिवस प्रतीकशी ठरलेल्या लग्नाचं काही विचारलं की "तू बघ ना यार आई," एवढंच म्हणायची. ऑक्टोबरच्या उकाड्यात मनगटापर्यंत बाह्यांचा कुर्ता कशाला घातलास, एवढं मात्र त्यांनी विचारलं. "ऑफिसात एसी असतो," ती म्हणाली.

सेक्टरातल्या छोट्या पोस्टात खिडकीवर क्षिप्रा म्हणून एक बाई होती. इंदूरची, मोडकंतोडकं मराठी बोलणारी. प्रभाताईंनी दोन दिवस आधीच तिला भेटून, तिळाच्या वड्या देऊन, सगळं समजावून ठेवलं होतं.

"आईये ताई. मी विचार केला, तुमी येनार नाय. एवढे सगळे हाताने?"

"एकेक सावकाश मारा. तारीख दिसली पाहिजे. आणि कुंकवावर नको हं."

"बिल्कुल. लग्न तुमच्या मुलीचं, हात माझा दुखनार," क्षिप्रा हसली आणि शिक्का हातात घेतला. आधी शाईच्या गादीवर, मग पाकिटावर. ठप्प, ठप्प. प्रत्येक पाकीट ती काचेच्या फटीजवळ धरी आणि प्रभाताई मान डोलावत. गोल वर्तुळ, मधोमध तारीख. वन्संचं पाकीट आलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून, पुसून, पुन्हा घालून पाहिलं. त्यांच्या जिवाला थंडावा वाटला.

साठेक पाकिटं झाली असतील. शिक्का फिका पडायला लागला. "शाई सुकली. दोन मिनट, मागून आणते," म्हणत क्षिप्रा उठून आत गेली.

प्रभाताई लोखंडी बाकावर टेकल्या. शेजारी तेजश्री बसली होती. मांडीवरचे हात तिने एकमेकांत घट्ट अडकवले होते.

"आई, बाकीच्या नको पाठवूस."

"म्हणजे?"

तिने डावी बाही वर सरकवली. मनगटाच्या वर चार बोटं उमटलेली, निळी, कडेने पिवळी पडत चाललेली. "शनिवारी. त्याच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये. ऑफिसातल्या मुलाचा मेसेज आला म्हणून प्रतीकने माझा फोन काढून घेतला. मी मागितला तर हे. पहिल्यांदा नाहीये, आई."

प्रभाताईंनी आधी आजूबाजूला पाहिलं. रांगेत एक पेन्शनवाले सरदारजी आणि आधार कार्डासाठी आलेली एक बाई. मग त्यांनी आपल्या हाताने लेकीची बाही खाली ओढली.

"चारचौघांत नको. घरी बोलू."

"घरी जाईपर्यंत गेलेल्या असतील ना पत्रिका."

"अगं, तो वाकून नमस्कार करतो आम्हाला. चांगल्या घरातला मुलगा आहे. रागीट असतात काहीजण, लग्न झालं की निवळतात. आणि निम्म्यांवर शिक्का पडलाय आता. निम्म्या लोकांना काय सांगू? वन्संना काय सांगू?"

"साठ लोकांना मी फोन करते. मी सांगते, माझ्यामुळे मोडलं म्हणून."

प्रभाताईंनी डोळे मिटले. मनातल्या मनात देवाला विचारलं, खरंच विचारलं. पण डोळ्यांपुढे देव आला नाही, ती पहिल्या रांगेतली खुर्ची आली.

तोवर क्षिप्रा नवी गादी घेऊन परत आली होती. तिने काचेतून आईकडे पाहिलं, मग लेकीकडे पाहिलं. पोस्टात एवढी वर्षं बसलेली बाई. काहीतरी तिच्या लक्षात आलं असावं, कारण शिक्का उचलायच्या आधी ती थांबली. तेजश्री उठून दाराकडे निघाली होती.

"ताई, चालू करू? की उद्या?"

उद्या गुरुपुष्य नव्हता. उद्याची तारीख पंचवीस. निम्म्या पाकिटांवर चोवीस आणि निम्म्यांवर पंचवीस.

"करा," प्रभाताई म्हणाल्या.

ठप्प, ठप्प. तेजश्री बाहेर पायऱ्यांवर जाऊन उभी राहिली. सगळी पाकिटं संपेपर्यंत आत आली नाही आणि नंतर त्या विषयावर एक अक्षर बोलली नाही. डिसेंबरात लग्न लागलं. वन्सं आल्या, पहिल्या रांगेत बसल्या, पुरणपोळीला नावं ठेवून दोन खाल्ल्या. पत्रिकेचं विचारलं तर म्हणाल्या, "मी दिवाळीपासून पुण्यालाच आहे लेकाकडे. कुठली पत्रिका? सूर्याने फोनवर फोटो पाठवला, तो पाहून आले."

मे महिन्यात एका पहाटे गुरुग्रामच्या हॉस्पिटलातून फोन आला. सूर्यकांतराव टॅक्सी करून गेले आणि लेकीला घेऊन आले, ती कायमची. कोर्टात प्रकरण चालू आहे. डाव्या कानाचा पडदा गेला आहे आणि आतली नसही. डॉक्टर म्हणाले, त्या कानाने आता ऐकू यायचं नाही. घरात आता सगळे तिच्या उजवीकडून बोलतात. प्रभाताईंना तेवढी सवय अजून होत नाही.

जुलैत पोस्टमन एक पाकीट देऊन गेला. सोलापूरहून परत आलेलं. कोपऱ्यांचं कुंकू विटून तपकिरी झालं होतं. पत्त्यावर लाल रेघ आणि "घर बंद" असा शेरा. इतके महिने ते कुठे पडून होतं, कोण जाणे. दार तेजश्रीने उघडलं होतं. ती पाकीट हातात घेऊन खिडकीशी बसली.

प्रभाताई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या आणि अक्षरावरून त्यांनी वन्संचं पाकीट ओळखलं. आत अक्षता होत्या, त्या केराच्या डब्यात टाकता येत नाहीत. त्यांनी ते हळूच लेकीच्या हातातून घेतलं, कडेने फाडलं आणि बाल्कनीत जाऊन दाणे तुळशीच्या मातीत ओतले. तांदळाला कीड लागली होती. रिकामं पाकीट काय करावं ते त्यांना कळेना. देवापुढे ठेववेना, फाडून टाकायला हात होईना. त्या ते तसंच घेऊन आत आल्या आणि लेकीशेजारी बसल्या.

तेजश्रीने शिक्क्यावर बोट ठेवलं. गोल वर्तुळ, मधोमध तारीख. तीळभरही फिकं नाही.

"काय छान उमटलाय गं," ती म्हणाली. मग खिडकीबाहेर बघत तिने विचारलं, "शाई आणल्यावर त्या बाईने तुला विचारलं होतं ना? मी दाराशी पोचले होते तेव्हा. चालू करू का, म्हणून?"

"हो," प्रभाताई म्हणाल्या.

तेजश्री तशीच बाहेर बघत राहिली. उत्तराची वाट बघत होती.

प्रभाताई तिच्या डाव्या बाजूला बसल्या होत्या. त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, खुर्चीला वळसा घालून उजवीकडे आल्या, खाली वाकल्या आणि तेच पुन्हा एकदा म्हणाल्या.