प्लग काढलेल्या सर्व्हरवरचं ड्रॉइंग

भूत, करणी असलं काही मी कधी मानलं नाही. शिरोळकडच्या आमच्या घरात पहिला पदवीधर मी, आणि मला कॉम्प्युटर शिकवला तो ऑफिसातल्या कांबळे काकांनी. त्यांच्यासाठीच हे लिहितोय.

साधारण २००७ साल. शाहूपुरीत आमचं ऑफिस — लोखंडी भाग ओतणाऱ्या फौंड्रीवाल्यांना ड्रॉइंग काढून देणारं. सगळी ड्रॉइंग काकांच्या टेबलाखालच्या सर्व्हरवर. माझा लिनक्स लॅपटॉप सुरू होताच सर्व्हरवरचं ड्रॉइंगचं फोल्डर आपोआप जोडलं जावं, अशी ओळ काकांनी त्यात घातली होती. पण वायरलेस उशिरा लागायचं, तोवर लॅपटॉपनं नाद सोडलेला... फोल्डर रिकामं. रोज कमांड हातानं द्यावी लागे.

"वायरलेस उठायच्या आधी फोल्डर कुठनं यील रं?" काका हसायचे.

पुढे एका कारखान्यात आमच्या ड्रॉइंगवरचं ब्रॅकेट तुटलं, कामगाराचा हात गेला. आमच्या मालकांनी दोष काकांवर ढकलला, त्यांना काढून टाकलं. दोन महिन्यांत काका वारले.

काकू ऑफिसात आल्या. "त्यांची चूक न्हवती, एवढं लिहून द्या की."

"माणूसच गेलं वैनी, आता कागद घिऊन काय करताय?" मालक म्हणाले. त्याच दुपारी त्यांनी माझ्यासमोर सर्व्हरची हार्डडिस्क काढून ड्रिलनं भोकं पाडली.

अपघाताच्या चौकशीचे साहेब आले ते दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला. मालकांनी दिलेलं बदललेलं ड्रॉइंग मी लॅपटॉपवर दाखवायचं होतं. लॅपटॉप सुरू केला... वायरलेसचा दिवा लागायच्या आत फोल्डर भरलं. काकांच्या फाइली. मी ब्रॅकेटचं मूळ ड्रॉइंग उघडलं. कोपऱ्यात काकांची नोंद — 'मालकांच्या सांगण्यावरून जाडी कमी केली. मला मान्य नाही.'

"बंद कर ते," मालक म्हणाले.

मी नोंद मोठी केली, साहेबांना नीट वाचता यावी म्हणून. मग दोन प्रिंट काढल्या. एक काकूंसाठी. फोल्डर कुठून जोडलंय तेही तपासलं... पत्ता काकांच्या सर्व्हरचाच.

साहेब गेल्यावर मालकांनी माझी कॉलर धरली. "कॉपी ठिवलीतीस न्हवं?"

"न्हाय. सर्व्हर बघा की टेबलाखाली."

ते वाकले. प्लग काढलेला, आत डिस्क नाही. उठले ते माझी नजर चुकवत, चेहरा पार पडलेला.

आज नेटवर्कची कामं करूनच माझं घर चालतं. कितीतरी जाणकारांना विचारलं, हे कसं झालं ते कुणालाच सांगता आलं नाही. मला त्या दिवशी भीती वाटायला हवी होती. पण मालकांचा तो चेहरा बघून फार बरं वाटलं... अजूनही वाटतं.