डाव्या मुठीखालच्या दोन खाचा

"खूण? अहो आजोबा, सायकल आहे ती. मेंढी नाही."

सोसायटीचे चेअरमन असं बोलले आन् क्लबहाउसमधी बसलेली सगळी माणसं हसली. सात-आठ जण असतील. एसी लावलेला. टेबलावर सामोसे. माझे आबा दारातच उभे, पायपुसण्याच्या अलीकडं, वहाणा बाहेर काढून. आत या असं कुणी म्हणलं न्हाई, म्हणून त्ये आत आले न्हाईत. डोक्याला तांबडं पागोटं, अंगात धुतलेला सदरा. लेकीच्या कामाच्या ठिकाणी जायचं म्हणून पहाटं अंघोळ करून मांडवगणहून पहिल्या एस्टीनं पुण्याला आलेले.

आबांना वाटलं, साहेबांना नीट कळलं न्हाई. त्येंनी परत सांगितलं, "डाव्या मुठीखाली दोन खाचा हायत साहेब. रबराची मूठ वढून काढायची, आत बघायचं. दोन असल्या तर आमची. नसल्या तर तुमचं खरं."

"पावती आहे का, पावती?"

"पावती न्हाई."

"मग? तुम्हीच कुठून तरी उचलून आणली नसेल कशावरून?"

आबांनी हात जोडले. सत्तरीच्या माणसानं. म्हणाले, "चुकलं साहेब. पोरीला कामावरनं काढू नका."

आन् मी काय केलं? मी मॅडमकडं बघून म्हणले, "सॉरी मॅडम." हे मी लपवणार न्हाई. सायकल माझी. उचलली त्येंनी. आन् सॉरी मी म्हणले. आठवलं की अजून जीव जळतो.

आम्ही धनगर. मांडवगण फराट्याच्या शिवारात आमची वस्ती. आता थोडी जमीन हाय, चार मेंढरं हायत, पण आज्या-पणज्याची हयात मेंढरांमागं हिंडण्यात गेली. मेंढरू दुसऱ्याच्या कळपात मिसळलं तर आमच्यात भांडण व्हत न्हाई. ज्याची त्याची खूण ठरलेली असती. कुणाच्या मेंढराचा कुठला कान, कसा कापलेला. आमची खूण डाव्या कानाला दोन काप. आधी खूण सांगायची, मंग कान बघायचा. जुळली की समोरचा मेंढरू सोडतो. कागद नको, साक्षीदार नको. आबांना तर लांबलांबच्या वस्त्यांवरनं बोलावणं यायचं, असला वाद मिटवायला. आबा बोलले म्हंजी झालं.

मी आठवीत असताना सायकल आली. गावातल्या गुरुजींची लेक लग्न होऊन गेली, तिची पडून व्हती. आबांनी एक कोकरू दिलं आन् सायकल घरी आणली. आता कोकराची पावती कोण देतं? अंगणात उभी केली, डावी मूठ वढून काढली आन् कानशीनं दांडीवर दोन खाचा पाडल्या. मी वराडले, "आबा, रंग गेला की वं!" आबा म्हणाले, "गप ये. हरवली तर काय नाव घिऊन हाका मारणार हाय का तिला?" परत मूठ बसवली. त्या खाचा कुणाला दिसत न्हाईत. मला आन् आबांना ठावं.

त्याच सायकलवर शाळा झाली, बारावी झाली. आजारी माणसाची सेवा करायचा कोर्स केला आन् पुण्याला एका मोठ्या सोसायटीत काम मिळालं. एक आजी हुत्या. अर्ध्या अंगावरनं वारं गेलेलं. त्येंना उठवायचं, न्हाऊ घालायचं, भरवायचं. आजींच्या सूनबाई म्हंजी ह्या मॅडम. सोसायटीच्या कमिटीत हुत्या. मी तीन पोरींबरोबर खोली घिऊन राहायचे, तिथनं सोसायटी पाऊण तास चालत. आबांनी कांद्याच्या टेम्पोवर सायकल पाठवून दिली. ती उतरवून घेतली तवा मला पुण्यात पहिल्यांदा बरं वाटलं.

पहिल्याच दिवशी गेटवर वॉचमननं अडवलं. "दीदी, स्टाफ का सायकल अंदर नहीं." त्यानंच जागा दाखवली. कंपाउंडच्या भिंतीला बाहेरनं एक पाइप व्हता, तिथं. मी रोज साखळी घालून कुलूप लावायचे. आजी सकाळी आठाला गॅलरीत खुर्चीवर बसून माझी वाट बघायच्या. मी वळणावर दिसले की चांगला हात हलवायच्या.

मंग आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं, शिरूरला. मी आठ दिवसांची सुट्टी मागितली. मॅडम म्हणल्या, "जा, पण नवव्या दिवशी हजर." मी कामावरनं तशीच स्टँडवर गेले. सायकल पाइपला लावलेली.

नवव्या दिवशी आले तर पाइप हाय, सायकल न्हाई. साखळी न्हाई, कुलूप न्हाई. चावी तेवढी माझ्या पर्समधी.

वॉचमनला विचारलं. "पता नहीं दीदी." माझ्याकडं बघंना. खोलीवरच्या पोरी म्हणल्या, पुण्यात सायकल गेली म्हंजी गेली, तिच्या नावानं आंघोळ कर. चौकीत गेले. साहेब म्हणले, "बिल हाय?" न्हाई. "फोटो?" मोबाईलमधी एक व्हता, मी बसलेली, मागं आमची विहीर. म्हणले, "अशा काळ्या सायकली छप्पन्न हायत. नवी घ्या की." लिहून घेतलं न्हाई. मॅडमला सांगितलं तर म्हणल्या, "अरेरे. लॉक नव्हतं का लावलं?" आन् लगेच, "पण उद्यापासून उशीर नको हं."

मी चालत जायला लागले. पायाला फोड आले.

पंधरा-वीस दिवसांनी लिफ्टजवळच्या बोर्डावर फोटो लागला. रंगीत, मोठा. सायकलींची रांग, प्रत्येकीला लाल रिबन. प्रत्येकीजवळ एक शाळेतली पोर. मधी मॅडम आन् चेअरमन. मागं शाळेचा बोर्ड, केडगावच्या पुढची एक वाडी, तालुका दौंड. भीमेच्या ह्या अंगाला आम्ही आन् त्या अंगाला ती वाडी. आन् डावीकडनं तिसरी सायकल माझी. कॅरियर मोडलेलं, त्येला मी हिरवी वायर गुंडाळलेली. तीच वायर. तिच्यावर रिबन.

मी आजींचं जेवण तसंच ठिवलं आन् मॅडमकडं गेले. "मॅडम, त्यातली एक सायकल माझी हाय."

"अगं, त्या बेवारस होत्या. आठवडाभर कुणी हलवल्याच नाहीत. आम्ही ॲपवर नोटीस टाकली होती."

ॲप त्येंचं. फ्लॅटवाल्यांचं. मी कुठनं बघणार? आन् बेवारस वस्तूला रोज कुलूप कोण लावतं? पण हे तवा सुचलं न्हाई.

"आणि तुमच्याच भागातल्या मुलींना दिल्या ना," मॅडम म्हणल्या. "तुला तर आनंद व्हायला हवा."

आतनं आजींचा आवाज आला. त्येंची जीभ जड, शब्द तुटत्यात. "हिचीच... रोज... मी बघते." मॅडम म्हणल्या, "आई, तुम्ही पडा बरं." आन् मला म्हणल्या, "त्यांना काही कळत नाही." सगळं कळत व्हतं आजींना. घरात सगळ्यात जास्ती त्येंनाच कळत व्हतं.

मी आबांना फोन लावला आन् रडले. आबांनी सगळं ऐकून घेतलं. एकच विचारलं, "खूण सांगितली का?"

"न्हाई."

"मंग कसं कळंल त्येंला? थांब, मी येतो."

एवढा इश्वास व्हता. खूण सांगितली की माणूस सोडतो. कमिटीच्या मीटिंगचा दिवस धरून त्ये आले आन् त्या दारात उभे राहिले. पुढचं सांगितलंच.

सोसायटीतनं निघून आम्ही स्टँडवर आलो. पाणी दिलं तर नको म्हणले. एस्टीत बसल्यावर खिडकीतनं म्हणाले, "मूठ काढून बघतो, असं सुदीक म्हणले न्हाईत गं." जसं काय आपलंच काय तरी चुकलं, अशा आवाजात. गाडी गेली. मी स्टँडवर उभी राहून ढसाढसा रडले. सायकलपायी न्हाई. आबांनी जोडलेल्या त्या हातांपायी.

रविवारी मी गावाला गेले. म्हणले, "आबा, आपण त्या वाडीला जाऊ." आबा नको म्हणत हुते. मी हट्ट धरला. भीमा वलांडून जीपनं गेलो. बोर्डावरचा फोटो मी मोबाईलमधी काढून घेतलेला, त्यो शाळेजवळच्या दुकानात दाखवला, तर दुकानदारानं माझ्या सायकलीजवळच्या पोरीचं घर दाखवलं. पत्र्याचं घर. सायकल दाराशी उभी. पुसून लख्ख केलेली. रिबन अजून तशीच.

पोर तेरा-चौदाची. तिची आई कांदे खुरपून आलेली, हातपाय धूत व्हती. आबांनी रामराम घातला आन् सांगितलं, "ताई, ही सायकल माझ्या लेकीची. डाव्या मुठीखाली दोन खाचा हायत. बघा."

त्या बाईनं पावती मागितली न्हाई. हात पदराला पुसले, मूठ धरली, जोर लावून काढली. वाकून बघितलं. दोन खाचा.

बाईचं तोंड पांढरं पडलं. "आम्हाला ठावं न्हवतं वं आप्पा. आमी चोर न्हाई. त्येंनी बलावलं, फोटू काढला, दिली." मंग पोरीकडं वळून म्हणली, "सोड. त्येंची हाय."

पोरीनं सीट धरून ठिवलेली. सोडली. रडली न्हाई, नुस्ती खाली बघत राहिली. मला कळत व्हतं ती काय बघती. शाळेचा रस्ता. मी बी बघितलाय त्यो.

खरं सांगते, मला दया आली न्हाई. मला माझी सायकल पाहिजे व्हती. माझ्या पायाचे फोड अजून ओले हुते. त्या पोरीचा मला रागच आला. मंग त्या रागाची लाज वाटली. म्हणलं, वा रे दान! त्येंनी सामोसे खाल्ले, आन् हितं दोन गरिबांच्या पोरी एका सायकलीला धरून उभ्या.

आबा बाईला म्हणाले, "घरात कानस हाय का? खुरप्याला धार लावायची?" बाईनं आणून दिली.

आमच्यात मेंढरू दुसऱ्याला द्यायचं तर घेणारा आपली खूण चढवतो. आन् त्या टायमाला देणाऱ्यानं सवता कान धरायचा असतो. देणाऱ्यानं धरला न्हाई तर ती देणगी न्हवं.

आबांनी मला पुढं बोलावलं. "बाय, सायकल तुझी. द्यायची तर तू हँडल धर. द्यायची नसंल तर न्हाई म्हण, आत्ता घिऊन जाऊ. माझं काय म्हणणं न्हाई."

दीड महिन्यात मला कुणी विचारलं न्हवतं. मॅडमनं न्हाई, चेअरमननं न्हाई, चौकीतल्या साहेबानं न्हाई. तुझी सायकल आम्ही घेऊ का, एवढं एक वाक्य. ते त्या सगळ्या शिकलेल्या माणसांच्या तोंडातनं निघालं न्हाई. माझ्या अंगठेबहाद्दर बापानं विचारलं.

मी हँडल धरलं. पोरीनं कानस घेतली. दोन खाचांच्या शेजारी तिनं तिसरी पाडली. लोखंडाचा किस माझ्या बोटांवर पडला. मला रडू आवरंना. रिबन मी माझ्या हातानं सोडली आन् खिशात घातली. म्हणले, "आता तुझी. आता दिली."

येताना जीपमधी आबा म्हणाले, "झालं ना आता? मिटलं." मी म्हणले, "आबा, सायकलीचं मिटलं. त्येंचं न्हाई."

सोमवारी मी अर्ज लिहिला. सोसायटीच्या कमिटीनं माझी कुलूप लावलेली सायकल, मला न विचारता, कुलूप कापून नेली. तीन ओळी. चौकीत नेऊन दिला आन् शिक्का घेतल्याशिवाय हलले न्हाई. वॉचमनचा मला राग न्हाई. कापायला त्यालाच लावलेलं. नंतर त्यानंच सांगितलं, "दीदी, मैंने बोला था, वो चलती सायकल है. बोले, तू काट."

दोन दिवसांनी मॅडमनं बोलावलं. क्लबहाउसात नवी सायकल उभी. गुलाबी. रिबन लावलेली. मॅडम गोड बोलत हुत्या. "छोटासा कार्यक्रम करू. तुझा फोटो काढू. तेवढा तो अर्ज मागे घे."

मी पायपुसणं वलांडून आत गेले. आबा थांबले हुते ना, त्याच्या आत. म्हणले, "मॅडम, मला भेट नको. लिहून द्या. आम्ही हिची सायकल हिला न विचारता नेली. आन् हिच्या वडिलांना चोर म्हणलो. सह्या करा सगळ्यांनी."

"तू जरा अतीच करतेयस."

"व्हय. करते."

त्याच दिवशी काम गेलं. आजींना भेटू दिलं न्हाई. खाली रस्त्यावरनं वर बघितलं, गॅलरीचं दार लावलेलं व्हतं. सगळ्यात जास्ती ते लागलं मला.

आता मी सणसवाडीला हाय. पॅकिंगच्या लाइनीवर, ठेकेदाराकडं. आबा परत पुण्याला आले न्हाईत. परवा पलीकडच्या वस्तीवरनं दोघं जण बोलवायला आले हुते, मेंढराच्या खुणंचा वाद व्हता. आबा गेले न्हाईत. म्हणाले, "दुसऱ्या कुणाला न्या बाबांनो. माझ्या खुणंला कोण इचारतंय आता." आईनं फोनवर सांगितलं. माझ्या बापाकडनं त्येंनी सायकल न्हाई नेली फक्त, हे नेलं. हे कुठल्या शाळेतल्या पोरीला वाटलं त्येंनी?

मी सुट्टी टाकून चौकीत जाते. चार खेपा झाल्या. मागच्या बुधवारी साहेबांनी एक कागद पुढं सरकवला. "हे बघ, गहाळ म्हणून नोंद करून टाकतो. सही कर, विषय संपला."

मी वाचलं. सायकल गहाळ झाली.

"साहेब, ही गहाळ झाली न्हाई. चोरली. कुणी, त्ये तुम्हाला लिहून दिलंय."

"अगं, तूच ती दुसरीला दिलीस ना? मग चोरी कुठं राहिली?"

"मी दिली ती नंतर. त्येंनी नेली ती आधी."

साहेबांनी पेन टेबलावर टाकला. म्हणले, "मग बस."

मी बसले. संध्याकाळपर्यंत बसले. पुढच्या बुधवारी परत जाऊन बसणार हाय. त्या कागदावर चोरी लिहीपर्यंत माझी सही मिळणार न्हाई. आन् सॉरी म्हणायचं झालं तर ते आता त्येंनी म्हणायचं, मांडवगणला येऊन, आबांच्या दारात, वहाणा बाहेर काढून.