गेलो आणि गेलंय

भूतखेत, चकवा, देवचार... हे सगळं मी थोतांड मानतो. आजही मानतो! माझ्यासारख्या घाटी माणसाला कोकणात लोकांनी पुष्कळ घाबरवून पाहिलं, मी बधलो नाही. तेव्हा हे वाचून कोणी मला मांत्रिकाचा पत्ता पाठवू नये.

गोवा अजून पोर्तुगीजांकडे होता, तेव्हाची गोष्ट. बांद्याच्या पुढे, हद्दीला लागून असलेल्या एका गावात मी पोस्टात तारमास्तर म्हणून लागलो. मास्तर कसला? सहा महिन्यांचं शिक्षण, पण माणूस हवा म्हणून मला तीन आठवड्यांत पाठवून दिलं. "शिकाल काम करता करता," म्हणे! यंत्राचं कड-कट्ट सुरू झालं की हातातली पेन्सिल मागे पडायची. प्रत्येक तारेत दोन-चार अक्षरं निसटायची. पुन्हा विचारावं तर वरच्या ऑफिसातला बाबू तारेवरूनच खेकसायचा. तक्रार गेली असती तर नोकरी संपली, आणि घरी आई नि दोन बहिणी माझ्यावर अवलंबून.

आठवड्याभरात एक चमत्कारिक प्रकार सुरू झाला. तार संपली की जरा थांबून, माझं निसटलेलं अक्षर — तेवढंच — सावकाश पुन्हा वाजायचं. तार देणाऱ्या प्रत्येकाचा हात वेगळा, तो कानाला कळतो. हा बाबूचा हात नव्हता. हा शेवटचा ठोका जरा ओढायचा. आणि माझं नेमकं काय चुकलं, हे त्याला कसं कळावं? बाबूला आडून विचारलं. "दोन-दोनदा द्यायला मी रिकामा बसलोय काय?" मिळालं उत्तर.

पहिला संशय पलीकडच्यांवर. हद्दीपारून कोणी आमच्या तारेला तार जोडली असेल... मग तातू पोस्टमनवर. पण त्याला कड-कट्टातलं ओ की ठो कळत नव्हतं. वरिष्ठांना कळवायला हवं होतं. नाही कळवलं. खरं सांगतो, त्या हातावाचून माझं चाललंच नसतं. महिनाभर तो एकदाही चुकला नाही.

एका दुपारी मुंबईहून तार आली, पार्वतीबाई नावाच्या विधवेला. तिचा मुलगा भिकू जहाजावरच्या नोकरीसाठी मुंबईत गाववाल्यांच्या खोलीवर राहत होता. मजकूर दोनच शब्द, रोमन अक्षरांत : गेलो भिकू. 'गेलो'तल्या 'ओ'चे तीन लांब ठोके मी स्पष्ट ऐकले. मला वाटलं, पोरगा कळवतोय, मी निघालो. छान!

तेवढ्यात तो हात वाजू लागला. गेलंय. गेलंय. गेलंय. थांबेचना! वैतागून मी 'ओ' खोडला, 'ए' आणि 'वाय' लिहिलं नि तातूला म्हटलं, "गेलो काय नि गेलंय काय, फरक कसला रे?"

तातू पांढराफटक. "मास्तरानू, आमच्यात सोताबद्दल 'मी गेलंय' म्हणतत. 'गेलो भिकू' म्हणजे भिकू मेलो! बरां झाला सुधारलात. नायतर म्हातारी थंयच पडली असती."

त्या हाताला मी मनोमन नमस्कार केला. पुढच्या आठवड्यात पार्वतीबाई पुडी घेऊन आली. "माझो झील बोटीर चढलो, मास्तरानू. खावा." आलं घातलेला गुळाचा खाजा. मी दोनदा घेतला.

तारेपासून चौदाव्या दिवशी पार्वतीबाईला खोलीवाल्यांचं पत्र आलं. भिकू तापानं गेला, लगेच तार केली, तरी गावातून कोणीच कसं आलं नाही?

म्हणजे माझ्या अर्ध्याकच्च्या कानानं तार बरोबर घेतली होती! आणि मी स्वतःच्या कानावर विश्वास ठेवला नाही.

तो हात पुन्हा कधी वाजला नाही. कोणी म्हणतं, त्याला म्हातारीची दया आली असेल. मला नाही पटत. महिनाभर खरं सांगून त्यानं माझा विश्वास कमावला, तो या एका शब्दासाठीच तर नव्हे? दया असेल तर असली कसली दया, हो?

पत्र घेऊन पार्वतीबाई पोस्टाच्या दारात आली. "तारेत काय इल्ला होता, खरां सांगा."

"गेलो," मी म्हणालो.

ती रडली नाही. "माझ्या झिलाच्या दहाव्या दिसा मी गावभर खाजा वाटीत होतंय," म्हणाली. "असां कित्याक केलात, मास्तरानू?"