रायपूरचं ‘हव’ आणि माझं ‘हवं’

मावशीचा फोन आला आणि मी पुण्याहून रायपूरचं तिकीट काढूनच मोकळी झाले. "माझ्या बायांची खानावळ सुरू होऊन राहिली. तुले यायचंच आहे," असं तिनं सांगितलं, विचारलं नाही. सुमनमावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, समाजकल्याण खात्यात अधिकारी. घर सुटलेल्या बायांना आसरा देणारं रायपूरच्या गुढियारी भागातलं केंद्र तिनंच उभं केलं. शिलाई मशीन वाटून फोटो काढणाऱ्यांचा तिला भारी राग. बायांचा स्वतःचा धंदा पाहिजे, हे तिचं पालुपद. आता ती निवृत्त होऊन नागपूरला मुलाकडे राहायला जाणार होती.

हावड्याकडे जाणारी गाडी घ्या आणि खिडकी पटकवा. गोंदियानंतर जंगल लागतं, डोंगरगडचं टेकडीवरचं देऊळ गाडीतूनच दिसतं. थंडीतच जा, उन्हाळ्यात रायपूर भाजून काढतं. स्टेशनबाहेर रिक्षावाले घासाघीस करतात, पण हसत. छत्तीसगडची राजधानी होऊन फार दिवस झाले नव्हते, त्यामुळे शहराचं लग्नघर झालेलं: नव्या पाट्या, अर्धवट रंगवलेल्या भिंती, भाड्याच्या बंगल्यांत थाटलेली ऑफिसं. मला तर उतरल्याउतरल्याच आवडलं.

मावशी पुरानी बस्तीत राहायची. संध्याकाळी देवळं बघत गल्ल्यांतून हिंडलो, पण तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

"काहून गं एवढी काळजी?" मी तिच्याच भाषेत चिडवलं.

"मीठ किती टाकू, हेही मले विचारून राहिल्या त्या. मी गेल्यावर कोणाले विचारतील? उद्या मी बाहेरच्या खुर्चीवर बसतो. आत पाय ठेवत नाही."

दुसऱ्या दिवशी शंकर नगरात खानावळ उघडली. थाळीत भात, डाळ, लाल भाजी, टमाट्याची झणझणीत चटणी आणि फरा, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या वळकट्या. पुण्यात एकाच्या मिसळीला लागतात तेवढ्या पैशांत इथे दोघं पोटभर जेवतात. फरा वाढायचं काम मी हौसेनं मागून घेतलं.

"बस, भैया?" मी विचारायचे.

"हव."

हवं म्हटल्यावर मी आणखी वाढायचे. पुन्हा विचारायचे, पुन्हा "हव". काय खातात ही माणसं, म्हणून मी खूश. शेवटी एका बाबूनं ताटावर हात आडवा धरला. "दीदी, हव माने हाँ. बस माने बस."

तोवर फऱ्याचं पातेलं रिकामं, आणि दारात जेवणाच्या सुट्टीची रांग. पहिल्याच दिवशी लोक उपाशी परतले तर पुन्हा कोण येणार? बाहेरून मावशीनं पाहिलं आणि पदर खोचत ती सरळ आत आली.

स्वयंपाकघर केंद्रातल्याच कुमारीबाईच्या ताब्यात होतं. तिनं तवा चढवलाही होता. "फरा सिरागे त का होइस, चीला बनाबो," असं बायांना सांगत ती उरलेलं पीठ पातळ करत होती. फरा संपला तर संपला, आता त्याच पिठाची धिरडी. मावशीला बघून तिनं मान वर केली.

"दीदी, तुमन बइठव. हमन कर लेबो."

तुम्ही बसा, आमचं आम्ही करू. मावशीनं खोचलेला पदर सोडला. मग मुकाट्यानं बाहेर खुर्चीवर जाऊन बसली. तिचे डोळे भरले होते, माझेही. रांगेतला शेवटचा माणूस जेवून गेला. मला कोणी बोललं नाही, फक्त पुन्हा वाढायला उभं केलं नाही.

पुण्यात आता माझ्या घरी चीला होतो, कुमारीबाईसारखा जाळीदार मात्र होत नाही. परवा नागपूरहून मावशीचा फोन आला, सूर तक्रारीचा.

"खानावळ जोरात चालून राहिली म्हणतात. पण त्या कुमारीनं मले एकदाही फोन करून काही विचारलं नाही."

"मग हेच तर हवं होतं ना तुला?"

"हव," मावशी म्हणाली.