इंजिनात उरलेलं आठशे मिली

आमचा फ्लड रिलीफ कॉलम चकलांब्याला पोहोचला तेव्हा सकाळचे ०६४० झाले होते. एक ऑफिसर, एक जेसीओ, अडतीस जवान, दोन बोटी, तीन मोठ्या गाड्या आणि स्ट्रेचर बसवलेली एक जीप. परतीचा पाऊस चार दिवस थांबला नव्हता. गावाच्या खालच्या अंगाला पाणी शिरलं होतं. शाळेच्या मैदानात आम्ही हार्बर केलं, म्हणजे गाड्या लावून तळ ठोकला.

मी त्या वेळी नायक होतो, ट्रेड व्हेइकल मेकॅनिक. गाव चंदगड तालुक्यातलं, कोल्हापूर जिल्ह्याच्या पार टोकाला. शाळा आठवीत सुटली. फौजेत आलो तेव्हा माझी सगळ्यात मोठी भीती गोळीची नव्हती. कुणी कागद पुढे करून "वाच" म्हणेल, याची होती. ती भीती ज्यांनी कमी केली ते हवालदार सदानंद गवस. वर्कशॉपमध्ये जो शिकवतो त्याला आम्ही उस्ताद म्हणतो. ते माझे उस्ताद, आणि या कॉलममध्येही आमच्यासोबत होते.

त्यांची शिकवण्याची रीत वेगळी होती. पुस्तक बाजूला ठेवायचे आणि हातात मापाचं भांडं द्यायचे. ऑइल बदलायला बसलो की निघालेलं मोजायचं, भरलेलं मोजायचं, आणि दोन्ही आकडे पाटीवर लिहायचे. पहिल्याच महिन्यात त्यांनी विचारलं होतं, "ड्रेन प्लग उघडलास, थेंब पडायचा थांबला. इंजिन रिकामं झालं?"

"हो उस्ताद."

"मोज मग."

ओव्हरहॉल होऊन आलेलं, आतून कोरडं इंजिन होतं. त्यात सहा लिटर बसलं होतं. फिल्टरसकट काढलं तेव्हा निघालं पाच लिटर दोनशे. मी तीनदा मोजलं. मला वाटलं माझंच गणित चुकतंय.

"आठवीचं गणित बरोबर आहे," उस्ताद म्हणाले. "आठशे मिली आतच आहे. पंपात, नळ्यांत, हेडमध्ये, खाली ऑइल साठतं त्या चेंबरच्या कोपऱ्यात. गाडी उलटी टांगलीस तरी सगळं येणार नाही. नवीन ऑइल भरलंस की त्यात हे आठशे मिसळतं. रोजच्या सर्व्हिसिंगला चालतं. पण आतलं ऑइल खराब असेल तर हे आठशे विसरायचं नाही."

चकलांब्यातले पहिले दोन दिवस कामाचे गेले. ०५३० ला गाड्यांची तपासणी, ०६०० ला बोटी पाण्यात. माणसं, शेळ्या, धान्याची पोती, एकदा एक शिलाई मशीन. गावात ट्रॅक्टरवाले एक वयस्कर गृहस्थ होते, त्यांना सगळे बप्पा म्हणत. त्यांच्या घरून दोन्ही वेळा भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी यायची. मी नको म्हटलं की बप्पा म्हणायचे, "तुमी आमची माणसं काढायलात, आन आमी तुमाला उपाशी ठिऊ व्हय? खा गुमान."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी जीपची डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची काडी, काढून ऑइल बघत होतो. तेवढ्यात जेसीओ साहेबांनी हाक मारली, बोट चिखलात रुतली होती. मी डिपस्टिक नळीत टाकली आणि पळालो. तिच्या डोक्याला रबरी सील असतं. ते अंगठ्यानं दाबून बसवावं लागतं. पाण्यातून गाडी न्यायची तर ही तपासणी आधी. मी दाबलं नाही. बोट निघाली, मी दुसऱ्या कामाला लागलो आणि विसरलो.

दुपारी १३०५ ला ड्रायव्हर लान्स नायक पगारे जीप घेऊन परत आला. गेवराईच्या रस्त्यावर एक नळकांडी पूल होता. त्यावरून पाणी वाहत होतं, बंपरच्याही वर. तो औषधं घेऊन आला होता. मैदानात शिरताच त्यानं इंजिन बंद केलं.

"ऑइलचा दिवा लुकलुकतोय रे. जरा बघ."

मी बॉनेट उघडलं. डिपस्टिक बोटभर वर होती. गरम इंजिन थंड पाण्यात शिरलं की आत ओढ बसते, जिथून वाट मिळेल तिथून पाणी ओढलं जातं. मी काडी बाहेर काढली. तिच्यावर काळं ऑइल नव्हतं. दुधाचा चहा असतो तसा रंग होता.

मी काडी पुसून पुन्हा बुडवली, तोच रंग. सील कुणी बसवलं नाही हे फक्त मला ठाऊक होतं.

१३२० ला रेडिओ वाजला. खालच्या वस्तीवर उस्तादांची पार्टी, म्हणजे तुकडी, गेली होती.

"चार्ली फॉर अल्फा. एक कॅज्युअल्टी. अपना आदमी. ओव्हर."

"अल्फा. कौन? ओव्हर."

"हवालदार गवस. दीवार गिरी है. स्ट्रेचर भेजो. ओव्हर."

जीप तशीच टाकून मी स्ट्रेचर घेऊन बोटीकडे पळालो. नंतर कळलं ते असं. वस्तीवर म्हातारे मेंढपाळ नवरा-बायको माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरात अडकले होते. मेंढरं सोडून ते निघायला तयार नव्हते. इतक्या दिवसांच्या पावसानं माळवदाची माती पाणी पिऊन जड झाली होती. उस्तादांनी आधी म्हातारीला बाहेर काढलं. मग म्हाताऱ्याला दारातून ढकललं आणि भिंत उस्तादांच्या कमरेवर आली.

१३४५ ला बोटीतून त्यांना शाळेत आणलं. शुद्धीवर होते. चेहरा राखेसारखा. नर्सिंग असिस्टंटनं पोट तपासलं आणि कॅप्टन साहेबांना बाजूला घेऊन सांगितलं, आत रक्तस्राव आहे, लवकर बीडला पोहोचवलं पाहिजे. ढग खाली होते, हेलिकॉप्टर मिळणार नव्हतं. मोठ्या गाड्या सकाळीच नदीच्या पलीकडच्या गावांना गेल्या होत्या. गावातल्या जीपा आठवडी बाजाराला गेवराईत जाऊन तिकडेच अडकल्या होत्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कंबर मोडलेला माणूस न्यायचा तर खड्ड्यांतच संपला असता. राहिली आमची जीप.

कॅप्टन साहेबांनी विचारलं, "जीप रेडी?"

मी सावधान उभा राहिलो. "नहीं सर. ऑइल में पानी है. डिपस्टिक का सील मैंने नहीं दबाया था. गलती मेरी है."

पगारेनं चमकून माझ्याकडे बघितलं. साहेबांनी बघितलं नाही. घड्याळ बघितलं.

"कितना टाइम?"

"सिर्फ ऑइल बदला तो पंधरा मिनिट. पर अंदर आठ सौ मिली रह जाएगा, पानीवाला. लोड पर बेअरिंग पकड सकता है. एक बार फ्लश करना पडेगा. और बीस मिनिट."

"बीस मिनिट उसके पास है?"

 वाटेत इंजिन जाम झालं तर त्या रस्त्यावर दुसरी गाडी मिळणार नव्हती. आणि इथं थांबलो तर प्रत्येक मिनिट उस्तादांच्या पोटातून जात होतं. साहेबांनी व्हरांड्यातल्या स्ट्रेचरकडे बघितलं. मग म्हणाले, "गाडी तेरी है. कर. फास्ट."

मी जीपखाली शिरलो. प्लग उघडला. बादलीत कॉफीसारखं ऑइल पडायला लागलं. फिल्टर काढला. पगारेला सांगितलं, प्लग ज्या बाजूला आहे त्याच्या उलट बाजूला जॅक लाव, चेंबरच्या कोपऱ्यातलंही येऊ दे.

मग लक्षात आलं. आमच्याकडे चांगलं ऑइल एका भरण्यापुरतंच होतं. फ्लशला, म्हणजे इंजिन आतून धुवायला, आणखी पाच लिटर कुठून आणायचं?

कुंपणाजवळ गाव जमलं होतं. एक तरुण ओरडला, "अय फौजी, पेशंट पडलाय आन तू इंजन कावून उघडलं बे? टाक की गाडी!"

"गप रे," बप्पा त्याच्यावर खेकसले. मला म्हणाले, "काय पायजे ते बोल."

"बप्पा, डिझेल इंजिनचं ऑइल. कसलंही. पाच लिटर."

"टॅक्टरचं चालंल?"

"चालेल."

बप्पांनी मागं वळून हाळी दिली. "अरे, ज्याच्या घरी हाय त्यानं आना! कॅन, बाटली, काय आसंल ते!"

मघाशी ओरडलेला तरुणच सगळ्यात आधी पळाला. पाच मिनिटांत तीन कॅन आले, पाण्याच्या दोन बाटल्यांत भरून ऑइल आलं, आणि एका बाईनं पितळी तांब्यात झाकून आणलं. "पाणी उपसायच्या डिझेल इंजनचं हाय दादा, सोच्छ हाय," असं ती म्हणाली. मी बोटावर घेऊन बघितलं. स्वच्छ होतं. प्लग लावला, जुना फिल्टर रिकामा करून परत बसवला आणि ते ऑइल मोजून इंजिनात ओतलं.

स्ट्रेचर जीपपासून सात-आठ पावलांवर, व्हरांड्यात होतं. उस्तादांचा आवाज आला. बारीक.

"किती बसलं?"

"पाच दोनशे, उस्ताद."

"मग आत?"

"आठशे."

"सील राहिलं होतं?"

"माझ्याकडून राहिलं."

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "रडू नको. ऑइलमध्ये पाणी पडेल."

नर्सिंग असिस्टंट हसला. मला हसता आलं नाही.

इंजिन सुरू केलं, रेस न देता. तीन मिनिटं घड्याळावर मोजली. प्लग पुन्हा उघडला. या वेळी निघालं ते फिकट चहाच्या रंगाचं. म्हणजे आतलं बरंच धुऊन आलं होतं. आठशेतलं साधारण शंभर मिली आता आत राहणार होतं. तेवढं इंजिन सोसेल असं मला वाटलं. वाटलं एवढंच. खात्री नव्हती. नवीन फिल्टर, आपलं ऑइल, डिपस्टिक. सील अंगठ्यानं दाबलं. पुन्हा दाबलं.

१४२२ ला आम्ही निघालो. पगारे गाडीवर, मी मागं स्ट्रेचरपाशी, नर्सिंग असिस्टंट सलाइन धरून. पुलावर पाणी आता गुडघ्याखाली उतरलं होतं. पगारेनं पहिल्या गिअरमध्ये, न थांबता गाडी काढली. ते पाऊण मिनिट मी फक्त इंजिनचा आवाज ऐकत होतो. पलीकडे गेल्यावर ओरडून विचारलं, "दिवा?"

"बंद आहे!"

गेवराई सोडून हायवेला लागलो तेव्हा उस्तादांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघत नव्हते. छताकडे बघत इंजिन ऐकत होते.

"आवाज बरा येतोय," ते म्हणाले.

मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं ते शेवटचं वाक्य.

१५३० ला आम्ही बीडच्या हॉस्पिटलात होतो. त्यांना लगेच ऑपरेशनला घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ०५४० ला ते गेले. मी डॉक्टरांना विचारलं, अर्धा तास आधी आणलं असतं तर? ते दमलेले होते, पण टाळलं नाही. म्हणाले, "सांगता येत नाही. आणि वाटेत अडकला असता तर इथपर्यंतसुद्धा आला नसता."

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मी सीलचं सगळं सांगितलं. शिक्षा झाली. ती घेतल्यावर मला झोप लागायला लागली, एवढं खरं.

पुढं नोकरी पूर्ण करून मी बाहेर आलो. चंदगडला गेलो नाही. बप्पांनी गेवराईत रस्त्यालगत शेड मिळवून दिली, तिथं गॅरेज चालवतो. घर लांब राहिलं, पण या लोकांनी मला परका म्हणून वागवलं नाही. मी त्यांचा फार ऋणी आहे.

सुट्टी मिळताच, त्याच वर्षी, मी दोडामार्गला उस्तादांच्या घरी गेलो होतो. वहिनी ओटीवर बसल्या होत्या. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. सील माझ्याकडून राहिलं. पस्तीस मिनिटं माझ्यामुळे गेली. त्यातली वीस मी मागून घेतली.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"गाडी वाटेत बंद पडली?"

"नाही वहिनी."

त्या उठून आत गेल्या. मला वाटलं, आता दार लागेल. त्या पाट घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "बस. जेवून जा."

हवालदार सदानंद गवस, व्हेइकल मेकॅनिक. चकलांब्याच्या खालच्या वस्तीवर त्यांनी दोन माणसं पडत्या घरातून बाहेर काढली. दोघंही आज जिवंत आहेत. म्हातारा आता मेंढरं राखत नाही, डोळ्यांना कमी दिसतं. पण पावसाच्या दिवसांत मी वस्तीवर गेलो की तो आधी विचारतो, "हवालदाराच्या घरी समदं ठीक हाय ना?"

मी सांगतो, ठीक आहे.