दबक्या आवाजातला पहिला धडा

शुक्रवार, ११ मार्च २०२२. मेथीच्या चार जुड्या निवडायला घेतल्या होत्या. नवऱ्याच्या गावचा एक ड्रायव्हर जेवायला आला होता. तो बिरकत अल अवामेरला कामगारांच्या वसाहतीत राहायचा, सिमेंटचा ट्रक चालवायचा. त्याला इथे होणाऱ्या फुटबॉल वर्ल्ड कपच्या बसवर नोकरी हवी होती. त्यासाठी रविवारी इंग्रजी बोलण्याची परीक्षा होती.

आमच्या कंपनीचं इंग्रजी शिकवणारं अ‍ॅप मीच त्याला दिलं होतं. त्यातला बोलण्याच्या सरावाचा भाग मी बनवलेला.

"कुठवर आलास?"

"पहिल्याच धड्यावर, वहिनी."

"तीन आठवडे झाले की!"

"तुमच्या मशिनला माझं इंग्रजी पचत नाही. रविवारी जाऊच नये म्हणतो."

"समोर बस. करून दाखव, मी मध्ये बोलणार नाही."

त्यानं फोन ओठांशी नेला आणि कुजबुजला. पडद्यावर लाल फुली. पुन्हा कुजबुजला, पुन्हा फुली.

शेवटी मला राहवलं नाही. "घसा बसलाय का?"

"नाही हो. खोलीत आठ जण. रात्रपाळीचे चौघं दिवसा झोपतात. मोठ्यानं बोललं की चप्पल येते."

"बाहेर जाऊन बोलायचं."

"बाहेर सगळे नक्कल करतात. 'यल्ला, चल मिस्टर, स्पीक!'"

आम्ही ते अ‍ॅप अल रय्यानच्या ऑफिसात, काचेचं दार लावून तपासलं होतं. पहिल्या धड्यावर थांबणारे कामगार बरेच होते. त्यांना शिकण्यात रस नाही, असं रिपोर्टात मीच लिहिलं होतं. त्यांच्या खोलीत किती माणसं झोपतात हे एकालाही विचारलं नव्हतं.

"इथे कुणी झोपलेलं नाही. बोल मोठ्यानं."

तो बोलला. हिरवी खूण. पुढचं वाक्यही हिरवं.

"आयला! वहिनी, मला येतंय की हे!"

मी त्याचे आभार मानले.

"आभार कसले? तुमचं मशिन मला नापास करत होतं."

"म्हणूनच," मी म्हटलं आणि भाजी फोडणीला टाकली. एवढ्या वर्षांच्या नोकरीत माझी चूक इतकी सरळ मला कुणी दाखवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी 'आत्ता बोलता येत नाही' अशा बटणाचं कच्चं चित्र काढून टीमला पाठवलं. मग गाडी घेऊन बिरकतला गेले. त्याला स्टिअरिंगवर बसवलं, काचा वर केल्या, आणि मागच्या सीटवरून इंग्रजीत विचारायला लागले: ही बस स्टेडियमला जाते का, कुठल्या गेटशी थांबते, परत किती वाजता निघते. तासभर विचारत राहिले.